चपलांचा जोड आणि बेलची परीक्षा

चपलांचा एक जोड घ्या. एक चप्पल वर्धा जिल्ह्यातल्या आंजी मोठीला राहिली, दुसरी सामानातून पुण्याला आली. पुण्यात पिशवीतून डावी निघाली की आंजीत उजवी आहे, हे तत्क्षणी कळतं. यात जादू कसली? डावं-उजवं आधीच ठरलेलं होतं.

आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांचं १९३५ मधलं म्हणणं थोडक्यात हेच. एन्टँगल झालेल्या कणांची उत्तरंही आधीच ठरलेली असणार, क्वांटम सिद्धांत ती सांगत नाही इतकंच. १९६४ मध्ये जॉन बेलनं हा तात्त्विक वाद मोजता येईल असा करून दाखवला.

आपल्या भाषेत सांगायचं तर दोन प्रोग्रॅम लिहा. प्रत्येकाला दोनपैकी एक प्रश्न येणार, उत्तर +१ किंवा −१. आधी हवं ते संगनमत करा, पण प्रश्न आल्यावर एकमेकांशी बोलायचं नाही. दोन्ही उत्तरांचे गुणाकार घ्या. प्रश्नांच्या चार जोड्यांपैकी तिघींच्या सरासरी मिळवा, चौथीची वजा करा. ठरवून ठेवता येतील असे उत्तरांचे तक्ते सोळाच. सगळे चालवून बघा, २ च्या वर एकही जात नाही. क्वांटम गणित मात्र २.८३ पर्यंत जातं.

आता गंमत बघा. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा प्रश्न चोरून दाखवला की २.८३ सहज येतं! म्हणजे सिम्युलेशन फक्त मर्यादा दाखवतं. निसर्ग ती पाळतो का, हे प्रयोगानंच कळणार. आस्पे यांच्या १९८२ च्या प्रयोगांत ती मोडली. २०१५ मध्ये डेल्फ्टला मुख्य पळवाटा बुजवून पुन्हा मोडली.

पुण्यातही याच जातीची परीक्षा झाली आहे. लेगेट आणि गर्ग यांनी १९८५ मध्ये विचारलं होतं: दोन कणांऐवजी एकच वस्तू वेगवेगळ्या वेळी तपासली तर? गुणधर्म न बघताही ठरलेला असेल आणि बघितल्यानं बदलत नसेल, तर तीन वेळांचा हिशोब १ च्या वर जाऊ नये. क्वांटमनुसार तो १.५ पर्यंत जातो. विक्रम आठल्ये, सौम्य सिंघा रॉय आणि पुण्याच्या आयसरचे टी. एस. महेश यांनी २०११ मध्ये एनएमआर यंत्रात अणुकेंद्रकांच्या स्पिनवर हे तपासलं. ही एन्टँगलमेंटची परीक्षा नव्हे, तिचं काळातलं भावंड. सुरुवातीला मर्यादा मोडली. वेळ वाढत गेला तसे आकडे हळूहळू मर्यादेत परतले.

मला हा परतीचा प्रवास फार मोलाचा वाटतो. क्वांटमपण विरत जाताना त्यात दिसतं. चप्पल चपलेसारखीच का वागते, याचं उत्तर त्याच वाटेवर कुठेतरी असावं.