शिलालेखापासून पावतीपुस्तकापर्यंत

टेंभी नाका म्हटले की ठाण्याबाहेरच्या माणसाला नवरात्रातली देवी आणि त्या नऊ रात्रींची गर्दी आठवते. ठाणेकराला मात्र या नाक्याची आणखी एक ओळख आहे. पायी जाण्याच्या अंतरात येथे पारशांची अग्यारी आहे, मुनिसुव्रत स्वामींचे जैन देरासर आहे आणि बेने इस्राएल या ज्यू समाजाचे ‘शआर हाशमाईम’, म्हणजे स्वर्गद्वार, हे प्रार्थनालय आहे. थोडे पुढे मासुंदा तलावाकडे गेले की कौपीनेश्वराचे देऊळ आणि पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चही भेटते. पाच समाज, पाच उपासना. पण या सगळ्या वास्तूंचा वैरी एकच, तो म्हणजे कोकणातला पाऊस. चार महिने भिंती पाणी पितात, सागवानी वाशांना वाळवी लागते, कौले सरकतात, चुन्याचा गिलावा पोपडे धरतो. वास्तू एकदा उभी राहते, डागडुजी मात्र पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते आणि दर वेळी कोणाला तरी वही घेऊन लोकांपुढे उभे राहावे लागते. या वहीची वंशावळ फार जुनी आहे. तिच्यामागे आपण थोडे चालत जाऊ.

बेने इस्राएल ज्या ग्रंथपरंपरेचे वारस आहेत, तिच्यातच या वहीची पहिली नोंद सापडते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात यरुशलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीची हकिगत आहे. काळ इसवीसनापूर्वी नववे शतक, राजा योवाश. लोकांकडून येणाऱ्या पैशातून याजकांनी मंदिराची पडझड दुरुस्त करावी, असे राजाने ठरवून दिले होते. पण त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भिंतींना हात लागलेला नव्हता. तेव्हा राजाने याजकांना जाब विचारला आणि ती व्यवस्था मोडली. यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीपाशी, आत येणाऱ्याच्या उजव्या हाताला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि महायाजक दोघे मिळून रक्कम मोजत, थैल्यांत बांधत आणि कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हवाली करत. त्यांच्याकडून ती सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीला आणि लाकूड व घडीव दगडाला जाई. या एका प्रसंगात पुढच्या अडीच-तीन हजार वर्षांची सारी सामग्री आहे: दुरुस्तीचा पैसा रोजच्या खर्चापासून वेगळा ठेवायचा, तो सर्वांच्या डोळ्यांदेखत जमवायचा आणि मोजायला एकाऐवजी दोन माणसे बसवायची.

आपल्या मुलखात हीच गोष्ट दगडावर लिहिलेली आढळते. ठाण्याहून पश्चिमेकडचा डोंगर ओलांडला की कान्हेरी लागते. तेथील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणच्या माणसांची संख्या लक्षात येण्याजोगी आहे. व्यापारी आहेत, तसा पाण्याचे टाके खोदवून देणारा सामिदत्त नावाचा सोनारही आहे. राजाच्या देणगीशेजारी सोनाराची देणगी त्याच डोंगरात, तशाच अक्षरांत कोरली गेली, हे मला फार मोलाचे वाटते. शिवाय या दात्यांना डागडुजीचे मर्म कळले होते. एकदाच दिलेली रक्कम संपते, म्हणून मुद्दल न मोडता केवळ व्याज वापरायचे, अशी ‘अक्षयनीवी’ ते लावून देत. नाशिकच्या लेण्यातील लेखानुसार उषवदात नावाच्या दात्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ३,००० कार्षापण नाणी ठेवली. त्यातील २,००० दरमहा शेकडा एक आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने होती. कान्हेरीच्या एका दात्याने मागाठाण्यातले शेत लावून दिले. पुढे नवव्या शतकात, राष्ट्रकूटांचे मांडलिक शिलाहार उत्तर कोकणावर राज्य करत असताना, कान्हेरीच्याच एका लेखात पूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी रकमा वेगवेगळ्या तोडून दिलेल्या दिसतात. दुरुस्तीला स्वतःचे खाते मिळाले, ते असे.

पोर्तुगीज अमलात चित्र पालटले. १५३४ साली वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला, ठाण्यात चर्चे आणि मठ उभे राहिले आणि त्यांचा पोशिंदा होता लिस्बनचा राजा. पोपने दिलेल्या अधिकारानुसार चर्च बांधणे आणि चालवणे ही राजसत्तेची जबाबदारी ठरली होती. गोव्यात गावकारीच्या उत्पन्नातून चर्चच्या इमारतीसाठी वेगळा निधी असे, त्याला ‘फाब्रिका’ म्हणत. अशी व्यवस्था भक्कम दिसते, पण पोशिंदा गेला की कोसळते. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये वसई पडली आणि छत्र हरपलेल्या चर्चांना आपापल्या गावकऱ्यांचाच आधार उरला. जेथे माणसे टिकली आणि त्यांनी पदरमोड केली तेथे चर्च टिकले. बाकीच्यांच्या छपरांतून आकाश दिसू लागले. मराठी अमलातला कौपीनेश्वरही आधी एका मोठ्या हातानेच उभा राहिला. शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या या देवस्थानाचे नवे देऊळ १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधले.

त्याआधीच मुंबईत एक निराळी घडण चालली होती आणि तिची सुरुवात अपयशाने झाली होती. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने १६७० च्या दशकात इंग्रजांसाठी चर्च बांधायला घेतले. त्याच्या पश्चात काम थांबले आणि चाळीसएक वर्षे अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या. जमवलेला पैसा कोठे गेला? अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी लेखकाने १७२७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात गव्हर्नर सर जॉन चाइल्डने तो गिळंकृत केल्याचा उघड आरोप केला आहे. आरोपातले तथ्य काहीही असो, यहोयादाच्या पेटीशेजारी दोन माणसे का लागतात ते यावरून उमगते. १७१४ मध्ये रिचर्ड कॉब हा पाद्री मुंबईत आला. तात्पुरत्या जागेत प्रार्थना करणाऱ्या मंडळींना त्याने प्रवचनातून साद घातली आणि वर्गणीची यादी फिरवली. १७१८ च्या नाताळात ते चर्च उघडले. आजचे सेंट थॉमस कॅथीड्रल ते हेच. कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे वाट जाई तो चर्चगेट झाला. स्वतःच्या मंडळीपुढे उभे राहून, काम दाखवून, नावानिशी आकडे मागण्याची ही रीत पश्चिम किनाऱ्यावर येथून रुळली, असे मी मानतो.

तरीही एकहाती देणगीची परंपरा लगेच संपली नाही. १७७४ च्या अखेरीस ठाणे इंग्रजांच्या हाती गेले आणि १७८० मध्ये कावसजी रुस्तमजी पटेल यांनी येथली अग्यारी बांधली. मुंबईतला सी. पी. टँक ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे कावसजी पटेल. ठाण्याचे सेंट जेम्स चर्च तर सरकारी छत्राखालचे. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हेबर यांनी ते प्रतिष्ठित केले. धनिकाची अग्यारी आणि सरकारचे चर्च. या दोहोंच्या मधली वाट बेने इस्राएलांनी काढली.

या समाजाची कहाणी आपल्याला अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर नेते. पूर्वजांचे गलबत तेथे फुटले, वाचलेल्यांनी कोकणात घाण्यावर तेल गाळण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, अशी परंपरा आहे. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर ही आडनावे त्यांच्या गावांची. शतकानुशतके त्यांच्याकडे प्रार्थनेची वेगळी वास्तू नव्हती, घरेच पुरत. पहिली वास्तू आली ती एका शिपायाच्या नवसातून. कंपनीच्या फौजेतले अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. सुटका झाली तर प्रार्थनालय बांधीन, असे त्यांनी मनाशी धरले होते, असे समाजात सांगितले जाते. १७९६ मध्ये मुंबईत त्यांनी ‘शआर हारहमीम’ बांधले. पुढच्याच वर्षी कोचीनमध्ये त्यांचा अंत झाला. म्हणजे पहिली वीटसुद्धा एका माणसाची; पण वास्तू सांभाळायचे काम जमातीवर आले. त्या कामाची पदे बहुतेक मराठी गावगाड्यातूनच उचललेली होती: जमातीचा प्रमुख मुकादम आणि त्याच्या हाताशी चौगुला; खजिना सांभाळणारा गबई मात्र हिब्रू परंपरेतला. १८६० मध्ये ते प्रार्थनालय नव्याने बांधले गेले. दरम्यान रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथेही जमातींनी आपापली प्रार्थनालये उभी केली.

ठाण्याची पाळी १८७९ मध्ये आली. १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्याला पोहोचली होती. १८६३ मध्ये नगरपालिका झाली. १८६६ पासून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघत होते. रेल्वे, फौज आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरी करणारी, दरमहा ठराविक पगार आणणारी बेने इस्राएल कुटुंबे येथे स्थिरावली होती आणि त्यांनी टेंभी नाक्यावर ‘शआर हाशमाईम’ बांधले. नेमके त्याच वर्षी, १८७९ मध्ये, कौपीनेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि तो झाला ठाणेकर रहिवाशांच्या वर्गणीतून. बिवलकरांनी एकट्याने बांधलेल्या देवळाच्या दुरुस्तीसाठी एकशेएकोणीस वर्षांनी शेकडो हात पुढे आले. एकाच गावात, एकाच वर्षी, ज्यू आणि हिंदू दोघेही प्रार्थनास्थानाच्या कामात होते. हा योगायोग मला साधा वाटत नाही. पगारदार मध्यमवर्गाच्या हाती मोठी दौलत नव्हती, पण नियमितपणे थोडे देण्याची ऐपत होती. याच सवयीवर १८९३ मध्ये ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. सरसुभेदाराची जागा वर्गणीदारांच्या यादीने घेतली, ते वर्ष म्हणून ठाण्याच्या इतिहासात १८७९ ची नोंद ठळक व्हायला हवी.

आता त्या वास्तूत आपण क्षणभर थांबू, कारण पैसा जमवण्याची तिथली रीत जवळून पाहण्यासारखी आहे. तोरा वाचण्यासाठी उंच केलेली जागा, पवित्र गुंडाळ्या ठेवण्याचा यरुशलेमच्या दिशेचा हेखाल आणि बेने इस्राएलांना फार प्रिय असलेल्या एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची खुर्ची. शनिवारच्या उपासनेत हेखाल उघडणे, सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, बाहेर काढणे, वाचनासाठी पुढे येणे हे मान असतात आणि मान घेणारा प्रार्थनालयासाठी काही रक्कम बोलतो. पण शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही आणि लिहायचेही नाही! शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ना नाणे, ना लेखणी. म्हणून रक्कम तोंडाने बोलायची, साऱ्या जमातीने ऐकायची, गबईने लक्षात ठेवायची आणि आठवडा सुरू झाल्यावर वसूल करायची. पावतीआधी शब्द येतो, आणि तो सगळ्यांसमोर दिलेला असल्याने मोडत नाही. थोड्याच अंतरावरच्या देरासरात याची भावकी भेटते. तेथे पूजेच्या मानाचे चढावे बोलले जातात आणि त्यातून येणारे देवद्रव्य मूर्ती आणि मंदिराखेरीज कशालाही वापरायचे नाही, असा कडक दंडक आहे. गरजेपेक्षा जास्त असेल तर ते दुसऱ्या गावच्या देरासराच्या जीर्णोद्धाराला जाते. योवाश राजाने जी शिस्त लावली, तीच ही.

विसाव्या शतकात दोन घटनांनी या वहीचे रूप बदलले. पहिली १९४८ मधली. इस्राएल स्थापन झाले आणि पुढच्या दशकांत कोकणातली कुटुंबे तिकडे निघाली. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक गावांत प्रार्थनालय आहे आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष नाहीत. ठाण्यात मात्र उलटे घडले. मुंबईत जागा परवडेनाशी झालेली आणि गावे सोडलेली कुटुंबे इकडे आली आणि ठाण्याची जमात देशातली सर्वांत मोठी मानली जाऊ लागली. दुसरी घटना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची. या कायद्याने प्रार्थनालय, देरासर, देऊळ, चर्च या सगळ्यांच्या खजिनदारांना धर्मादाय आयुक्तांपुढे आणून बसवले. ताळेबंद परिशिष्ट आठ, जमाखर्च परिशिष्ट नऊ. देव कोणताही असो, तक्ता तोच.

मोठ्या हाताचे दिवसही संपलेले नाहीत. मुंबईच्या फोर्टमधले १८८४ चे केनेसेथ इलियाहू प्रार्थनालय ससून घराण्याने बांधले. अलीकडे त्याचा जीर्णोद्धार झाला तेव्हा ट्रस्टच्या जोडीला एक उद्योगसमूह आणि काळा घोडा असोसिएशन उभे राहिले. २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चलाही. दोन्ही कामे उत्तम आहेत. पण ठाण्याच्या प्रार्थनालयासारख्या, पर्यटकांच्या नकाशावर ठळक नसलेल्या आणि रोजच्या वापरातल्या वास्तूला असा आश्रय सहसा मिळत नाही. माझ्या मते तिची खरी ताकदही निराळी आहे. ज्याने छपराच्या चार कौलांचे पैसे दिले तो पावसाळ्यात वर बघतो आणि गळती पहिल्यांदा त्यालाच दिसते.

आज काम काढायचे म्हटले की आधी वास्तुविशारदाचा अंदाजपत्रकी आकडा येतो आणि तो ऐकून समिती गंभीर होते. जुन्या भिंतीवर सिमेंट थापणे स्वस्त, पण सिमेंट ओल आत कोंडते आणि मूळचा चुना व वीट पोखरली जातात. चुन्याचे काम जाणणारा कारागीर शोधावा लागतो, त्याचा रोज जास्त. मग समिती वाटा शोधते. आयकर कायद्यात अधिसूचित ऐतिहासिक प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीवर निम्मी वजावट आहे, पण त्यासाठी अधिसूचना लागते.  इस्राएलमधल्या अश्दोद, दिमोना, लोद येथे गेलेल्या नातलगांना आजोबांच्या प्रार्थनालयासाठी पैसे पाठवायचे असतात. पण ते परदेशी नागरिक असल्यामुळे २०१० च्या परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. हे सोपस्कार होईपर्यंत एक पावसाळा निघून जातो. म्हणून कामाचा पहिला हप्ता बहुधा समोरच्या बाकांवर बसलेल्यांकडूनच उभा करावा लागतो: शनिवारी शब्द दिला जातो आणि रविवारी खजिनदार पावतीपुस्तक उघडून बसतो.