तीन आंकड्यांतला रंग

अबोली, आमसुली, डाळिंबी, मोरपंखी, पारवा, श्रीखंडी हीं रंगांचीं नांवें आपल्या भाषेंत फुलांवरून, फळांवरून, पांखरांवरून व पक्वान्नांवरून पडलीं आहेत. संगणकाच्या पडद्यास यांतलें एकही ठाऊक नाहीं. तेथें रंग म्हणजे तांबडा, हिरवा व निळा यांचे शून्यापासून २५५ पर्यंतचे तीन आंकडे. त्यांच्या मिळवणीनें १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग सिद्ध होतात. पडद्यावर माउसचा बाण जेथें न्यावा तेथील हे आंकडे वाचून दाखविणारा एक लहानसा प्रोग्रॅम असतो. तो कसा लिहितात व त्याच्या पाठीमागें केवढा इतिहास उभा आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विंडोज प्रणालीवर तो लिहिणें फारसें कठीण नाहीं. बाण कोठें आहे हें प्रणालीस विचारावें, सबंध पडदा वाचण्याची परवानगी मागून घ्यावी, ‘गेटपिक्सेल’ या आज्ञेनें त्या एका ठिपक्याचा रंग काढावा आणि घेतलेली परवानगी परत करावी. दहाबारा ओळींत काम आटोपतें. नवशिक्यास ठेच लागते ती अन्यत्र. संकेतस्थळें लिहिणारे तांबड्याचा आंकडा आधीं मांडतात. विंडोज मात्र तिन्ही आंकडे एकाच संख्येंत भरून तांबड्यास अगदीं शेवटीं, एकंस्थानाच्या बाजूस बसवितें. हा क्रम ध्यानांत न घेतां वाचलें, तर २५५, १५३, ५१ हा केशरी रंग ५१, १५३, २५५ होऊन समोर येतो, आणि केशरी पताका आकाशासारखी निळी असल्याचें यंत्र गंभीरपणें सांगतें!

पण मुळांत आंकडे तीनच कां? पांढरा प्रकाश अनेक किरणांचा बनलेला आहे हें न्यूटननें १६७२ सालीं रॉयल सोसायटीस कळविलें. आणि किरणांच्या ठायीं स्वतः रंग नसून रंगाची संवेदना उत्पन्न करण्याची शक्ति मात्र असते, असें त्यानें पुढें १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथांत बजाविलें. ही संवेदना होते कशी, याचें अनुमान टॉमस यंगनें १८०१ त केलें. डोळ्याच्या अंतःपटलावरील प्रत्येक जागीं असंख्य रंगांसाठीं असंख्य ग्राहक असणें अशक्य. तीन प्रकारचे असले म्हणजे पुरे. तीन ही संख्या प्रकाशाची नव्हे, मनुष्याच्या डोळ्याची आहे. वाचकांनीं एवढें मनांत धरलें म्हणजे पुढील सर्व उलगडत जातें.

यंगच्या अनुमानास मापाचें रूप दिलें तें जेम्स क्लार्क मॅक्सवेलनें. रंगीत कागदांच्या चकत्या एका भोंवऱ्यावर कमीअधिक प्रमाणांत बसवून तो फिरवी, आणि कोणत्या मिश्रणाची कोणत्या रंगाशीं बरोबरी होते हें समीकरणांत मांडी. हा निबंध १८५५ चा. पुढें १८६१ त लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यानें एका चौकडीच्या फितीचीं तीन छायाचित्रें तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशांत एकावर एक पाडून फीत रंगांत दाखविली. गंमत अशी कीं, त्या काळच्या कांचांस तांबडा प्रकाश जवळजवळ लागतच नसे! तांबड्या कापडावरून परतणाऱ्या अतिनील किरणांनीं त्याचें काम परस्पर केलें, हें १९६१ सालीं उघडकीस आलें. सिद्धांत खरा आणि प्रयोग नशिबानें साधलेला, असा हा योग.

१९३१ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगानें एक ‘प्रमाण-निरीक्षक’ ठरविला. इंग्लंडांत राइट यांनीं दहा व गिल्ड यांनीं सात जणांच्या दृष्टीचीं मोजमापें घेतलीं होतीं. त्या अवघ्या सतरा माणसांवरून सगळ्या मनुष्यजातीचा डोळा कागदावर उतरला. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं १९९६ त सुचविलेलें, संगणकाच्या पडद्यांवर आज सर्वत्र चालणारें ‘एसआरजीबी’ हें प्रमाण याच पायावर उभें आहे.

मग त्या सतरांहून ज्यांचा डोळा निराळा, त्यांचें काय? परमाणुवादाचा प्रवर्तक जॉन डाल्टन हा अशांपैकींच होता. जिरेनियमचें गुलाबी फूल त्यास दिवसां आकाशी दिसे आणि मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें. इतरांस असा पालट दिसेना, तेव्हां दोष आपल्या दृष्टींत आहे हें त्यानें ओळखलें आणि १७९४ त मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढें तसें वाचूनही दाखविलें. डोळ्यांतील द्रव निळा असावा अशी त्याची कल्पना होती. १८४४ त तो वारल्यावर, त्याच्याच इच्छेनुरूप डोळा चिरून पाहिला, तों द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेविलेल्या त्या अवशेषांतून १९९५ सालीं आनुवंशिक द्रव्य तपासलें, तेव्हां मधल्या लहरी ओळखणारा, म्हणजे यंगच्या तिहींपैकीं एक ग्राहक त्याच्या डोळ्यांत नव्हताच असें ठरलें. तांबड्या-हिरव्यांत घोटाळा होणारे लोक युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारें बारांत एक आढळतात. स्वीडनमध्यें १८७५ त लागरलुंडा येथें दोन आगगाड्यांची टक्कर झाली, तेव्हां होल्मग्रेन यांनीं लोकरीच्या रंगीत लडी निवडावयास लावून रेल्वेच्या नोकरांची परीक्षा सुरू करविली. परीक्षेनें अशांस वेगळें काढलें खरें, पण त्यांच्या हातीं साधन कांहींच दिलें नाहीं.

आमच्या मतें या चिमुकल्या प्रोग्रॅमचें खरें मोल येथें आहे. त्याच्यावर आक्षेप असा घेतात कीं, तो रंग पाहतच नाहीं. पडद्यास दिलेला हुकूम तेवढा वाचतो. आक्षेप खरा आहे. रात्रीं पडदा पिवळसर केला तरी त्याचे आंकडे बहुधा हलत नाहींत, आणि शेजारशेजारच्या दोन पडद्यांवर तेच आंकडे निरनिराळे दिसतात. छपाईच्या धंद्यांत हा दोष मोठा. परंतु आलेखांतील तांबडी रेघ कोणती व हिरवी कोणती हें ज्यास कळत नाहीं, त्यास कोणत्याही डोळ्यावर न विसंबणारा साक्षीदारच हवा असतो. डाल्टनला फुलाचा रंग शेजाऱ्यास विचारावा लागे. त्याच्यासारख्या मनुष्यास आज बाण नेऊन ठेवला कीं पुरतें.

मात्र आंकड्यांवरून नांव सांगावयाचें, तर प्रोग्रॅम लिहिणारास नांवांची यादी जवळ ठेवावी लागते व तींतलें सर्वांत जवळचें नांव निवडावें लागतें. नुसत्या आंकड्यांची वजाबाकी येथें फसविते, कारण सारख्या वजाबाकीचे दोन फरक डोळ्यास सारखे भासत नाहींत. म्हणून आंकडे प्रथम प्रकाश-आयोगाच्या १९७६ च्या ‘लॅब’ मापांत बदलून घेणें बरें. आणि ती यादी मराठींत करावयाची असेल, तर पारव्यास कोणते तीन आंकडे द्यावयाचे हें कोणीं एकट्यानें ठरवूं नये. चार घरांतून विचारून पाहावें. कोणी त्यास राखाडी म्हणेल, कोणी निळसर, आणि कोणी कपाटांतून लुगडेंच काढून दाखवील.