जिल्हासंघांची कबड्डी : मैदानांतून छपराखालीं



कबड्डी हा शब्द उच्चारतांच आपणां बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उघडें मैदान, फक्कीच्या पांढऱ्या रेषा आणि धुळीनें माखलेले खेळाडू उभे राहतात. आजच्या भाषणांत मला या खेळाच्या एका विशिष्ट अंगाचा इतिहास सांगावयाचा आहे. एका जिल्ह्याचा संघ दुसऱ्या जिल्ह्याच्या संघाशीं लढतो, त्यांतून राज्याचा संघ निवडला जातो आणि तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीं उतरतो. ही शिडी कशी बांधली गेली, आणि तिच्या वरच्या पायऱ्या मातीवरून उचलून छपराखालीं मॅटवर नेल्यामुळें बारामती आणि इंदापूर यांसारख्या तालुक्यांचें हित झालें कीं अहित, हा आजचा विषय होय.

प्रथम जिल्ह्याविषयीं दोन शब्द. जिल्हा ही मूळची महसुलाची सोय. सारावसुली आणि न्यायनिवाडा सुकर व्हावा म्हणून आंखलेल्या सीमेविषयीं कोणाला प्रेम वाटावें असें तिच्यांत कांहीं नाहीं. परंतु त्या सीमेच्या नांवानें सात तरुण मैदानांत उतरले, कीं कालपर्यंत परस्परांचीं गांवेंही ठाऊक नसलेलीं माणसें एका बाजूनें ओरडूं लागतात. इंग्लंडांतील परगण्यांचे, म्हणजे कौंटींचे, संघ १८९० सालापासून क्रिकेटचें अधिकृत अजिंक्यपद खेळत आले आहेत. पुढें तीच पद्धति त्या देशांत छपराखालच्या खेळांतही रुजली. ज्या बॅडमिंटनला एके काळीं आपल्या पुण्यावरून ‘पूना’ असेंच नांव पडलें होतें, त्या खेळांतही तेथें कौंटी कौंटीशीं लढते.

आपल्याकडे मात्र संघ कोणत्या नात्यानें बांधावा, हा प्रश्न इतक्या सहजासहजीं सुटला नाहीं. मुंबईस १९१२ पासून क्रिकेटचे चौरंगी सामने होत असत, ते १९३७ सालीं पंचरंगी झाले. हिंदु, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’ असे ते पांच संघ. खेळ उत्तम होई, गर्दी लोटे. परंतु समाजासमाजांतील भिंती मैदानांतही उभ्या राहत. महात्मा गांधींनीं १९४० सालीं या पद्धतीविरुद्ध आपलें मत स्पष्ट दिलें आणि १९४६ सालीं ते सामने कायमचे बंद पडले. उलट १९३४ सालीं सुरू झालेली रणजी करंडकाची स्पर्धा प्रांतांच्या नांवानें खेळली गेली, आणि टिकली तीच. जन्मानें मिळालेल्या जातिधर्मापेक्षां ज्या भूमींत आपण राहतों तिचें नातें खेळाला अधिक मानवतें, हा या इतिहासाचा बोध आहे. कबड्डीच्या संघटनेनें हेंच नातें प्रमाण मानलें.

कबड्डी हा खेळ देशभर नाना नांवांनीं खेळला जात असे. आपल्याकडे हुतुतू, दक्षिणेंत चेडुगुडु, बंगालांत हाडुडु. नांवें जितकीं, नियमही तितकेच. किंबहुना प्रत्येक गांवाचा नियम निराळा असे. अशा खेळांत जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने होणें शक्य नव्हतें. कारण सामना म्हणजे प्रथम नियमांवर एकमत. हें एकमत घडविण्याचें श्रेय महाराष्ट्राकडे जातें. १९२१ सालच्या सुमारास साताऱ्यास स्पर्धेसाठीं नियम बांधले गेले. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें नियमांची फेरतपासणी करून अखिल भारतीय स्पर्धा भरविली. पुढें अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानेंही देशी खेळांच्या नियमांना व्यवस्थित रूप देण्याचें मोठें कार्य केलें.

त्या काळीं या खेळाचे मुख्यतः तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’मध्यें बाद झालेला गडी सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘अमर’मध्यें गडी बाद झाला तरी मैदान सोडीत नसे, प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. ‘संजीवनी’मध्यें प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, कीं आपला एक बाद गडी पुन्हां उठून उभा राही. आजच्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय खेळाचा पाया ही संजीवनीच होय. या निवडींत मोठें शहाणपण होतें. गामिनींत दुबळा गडी आरंभींच बाहेर जाऊन तासभर नुसता प्रेक्षक होई. संजीवनींत मात्र हरत आलेल्या संघालाही अखेरच्या क्षणापर्यंत आशा राहते, आणि बसलेल्या सोबत्याला उठविण्यासाठीं जो चढाईस जातो त्याच्या धाडसाला निराळाच अर्थ येतो.

१९३६ सालीं अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं हा खेळ जगाला दाखविला. १९३८ सालीं कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत त्याला स्थान मिळालें. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ सालीं मद्रासेस आणि स्त्रियांची १९५५ सालीं कलकत्त्यास झाली. या साऱ्या उभारणींत कै. शंकरराव साळवी, ज्यांना महाराष्ट्र प्रेमानें ‘बुवा’ म्हणे, त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. गांवोगांव हिंडून मंडळें जोडणें, पंच तयार करणें, जिल्हा संघटनांना एका सूत्रांत ओवणें, हें काम त्यांनीं आयुष्यभर केलें. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९७२ सालीं सदानंद शेटे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो या खेळाला मिळालेला पहिला अर्जुन पुरस्कार होय.

आतां या शिडीची रचना पाहूं. तळाशीं गांवचें मंडळ किंवा शाळा. मंडळें जिल्ह्याच्या स्पर्धेंत खेळतात, त्यांतील निवडक खेळाडूंचा जिल्हासंघ होतो. सर्व जिल्ह्यांचे संघ राज्य अजिंक्यपदासाठीं एकत्र येतात. तेथें कोण जिंकतो हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच महत्त्वाचें हें कीं त्याच स्पर्धेंतून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो. म्हणून त्या चार दिवसांत प्रत्येक खेळाडू एकाच वेळीं दोन लढाया लढत असतो. एक जिल्ह्यासाठीं, दुसरी स्वतःसाठीं. मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणें, रायगड, रत्नागिरी, पुणें, सांगली, कोल्हापूर यांच्या लढती ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको. विदर्भाचा संघ मात्र राष्ट्रीय स्पर्धेंत स्वतंत्रपणें उतरतो.

पुणें जिल्ह्यानें या इतिहासांत मोठी भर घातली आहे. शांताराम जाधव आणि शकुंतला खटावकर हे दोघेही पुण्याचे, आणि दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. शकुंतलाबाईंचें नांव मीं मुद्दाम घेतलें. मुलींनीं मैदानांत उतरून पकडी कराव्या ही कल्पनाच ज्या काळांत अनेक घरांना सोसत नव्हती, त्या काळांत त्यांच्या पिढीनें ही वाट पाडली. २०१२ सालीं पाटण्यास झालेला स्त्रियांचा विश्वचषक भारतानें जिंकला, त्या संघांत अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्रकन्या होत्या. पुण्याचीच स्नेहल शिंदे २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होती. तो अंतिम सामना भारतीय मुलींनीं चिनी तैपेईविरुद्ध २६ विरुद्ध २५ असा अवघ्या एका गुणानें जिंकला.

राष्ट्रीय स्पर्धेंत महाराष्ट्राची वाट अलीकडे सोपी राहिलेली नाहीं. तेथें राज्यांबरोबर रेल्वे आणि सेनादल यांचेही संघ असतात. त्यांच्यापाशीं नोकरी आहे, बारमाही सराव आहे, आणि देशभरांतून निवडलेले खेळाडू आहेत. राज्यानें घडविलेला गडी पोटासाठीं तेथें जातो आणि प्रसंगीं आपल्याच राज्याविरुद्ध उभा राहतो. त्याला दोष देतां येत नाहीं. अशा स्थितींत २०१८ च्या जानेवारींत हैदराबादेस रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें सेनादलाला ३४ विरुद्ध २९ असें नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां दीर्घ प्रतीक्षेनंतर आलेल्या त्या विजयाचा आनंद गांवोगांवच्या मंडळांना झाला तो उगाच नव्हे.

हा सामना बंदिस्त क्रीडागृहांत मॅटवर झाला. येथेंच आपण विषयाच्या गाभ्याशीं येतों. मातीचें मैदान कसें होतें, तें नव्या पिढीसाठीं सांगतों. माती खणावयाची, चाळावयाची, खडे वेंचावयाचे, पाणी मारावयाचें, रोलर फिरवावयाचा, आणि मग फक्कीनें तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असें अंगण आंखावयाचें. स्त्रियांसाठीं बारा मीटर आणि आठ मीटर. आमच्या नीरेकांठची काळी जमीन उसाला मानवते, कबड्डीला नाहीं. ती ओली झाली कीं पायाला चिकटते आणि वाळली कीं भेगाळते. म्हणून दुरून तांबडी माती नाहींतर बारीक मुरूम आणून पसरावा लागे. हें काम मंडळाचीं मुलेंच करीत. यात्रेच्या किंवा शिवजयंतीच्या निमित्तानें प्रकाशझोतांत सामने होत, आणि पंचक्रोशी दोरीबाहेर मांडी घालून बसे. खर्च थोडा, आणि दार सर्वांना उघडें.

मॅट आली ती मुख्यतः आंतरराष्ट्रीय खेळाबरोबर. १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत कबड्डी प्रात्यक्षिकरूपानें दाखविली गेली. १९९० सालीं बीजिंग येथें ती पदकाचा खेळ झाली आणि भारतानें सुवर्णपदक घेतलें. परदेशांत प्रत्येक ठिकाणीं एकाच प्रतीची माती कोठून आणावयाची? पाऊस आला तर काय करावयाचें? या प्रश्नांचें उत्तर म्हणजे परस्परांत गुंतणाऱ्या तुकड्यांची मऊ मॅट आणि डोक्यावर छप्पर. २०१४ सालीं सुरू झालेल्या प्रो कबड्डीनें हें रूप घरोघर दूरचित्रवाणीवर पोंचविलें.

मॅटचे गुण नाकारतां येत नाहींत. गुडघे व कोपरें सोलवटत नाहींत. झेंप घेऊन घोटा पकडतांना खेळाडू कचरत नाहीं. रेषा पुसल्या जात नाहींत, त्यामुळें निदान रेषा ओलांडली कीं नाहीं, बोनसच्या वेळीं मागला पाय अधर होता कीं नाहीं, हे वाद कमी होतात. परंतु मॅटवरचा खेळ निराळा आहे. मातींत पाय किंचित् घसरतो आणि अनवाणी बोटें जमीन धरून ठेवतात. मॅटवर बूट लागतात, तो पाय एकदम थांबतो आणि एकदम वळतो. मातीवर तयार झालेला चढाईपटू प्रथम मॅटवर गेला, कीं त्याचा अर्ध्या पावलाचा अंदाज चुकतो. आणि तीस सेकंदांच्या चढाईंत अर्धें पाऊल म्हणजे सर्वस्व.

आतां बारामतीहून पुणें सुमारें शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहूनही दूर. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं उभारलेली बालेवाडीची क्रीडानगरी तर शहराच्या पलीकडच्या टोंकाला. वस्तीवरच्या ज्या मुलाला सकाळीं धारा काढून शाळेंत जावयाचें असतें, त्याला मॅटचा स्पर्श बहुधा निवड चाचणीच्या दिवशींच प्रथम होतो. त्याच्या समोर असतो तो वर्षभर मॅटवर सराव केलेला शहरांतील मुलगा. दोघांना एकच शिट्टी वाजते, एकच नियम लागतो. तरी स्पर्धा समान होते असें म्हणवत नाहीं. आणि हा केवळ चषकाचा प्रश्न नव्हे. शासकीय नोकरींत गुणवंत खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखीव आहेत. ज्या घरांत दोन एकर जिरायत आणि तीन भाऊ आहेत, तेथें जिल्हासंघांतील निवड म्हणजे भाकरीकडे जाणारी वाट असते.

तरीही निराश होण्याचें कारण नाहीं. हांगचौच्या सुवर्णविजेत्या पुरुष संघांत नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे हे दोघे होते. आणि २०२४ च्या मार्चमध्यें पुणेरी पलटणनें प्रो कबड्डीचें विजेतेपद मिळविलें तें अस्लमच्याच नेतृत्वाखालीं. म्हणजे खेड्याची माती अद्याप सत्त्वहीन झालेली नाहीं. राज्य स्पर्धेंत अलीकडे पुणें ग्रामीण असा स्वतंत्र संघ उतरूं लागला, हाही इष्ट बदल आहे. त्यामुळें तालुक्याच्या मुलांना शहराच्या सावलींतून बाहेर येण्याची संधि मिळाली. बारामतीचें नांव तर या खेळाच्या कारभाराशींही निगडित आहे, श्री. शरद पवार यांनीं महाराष्ट्र राज्य कबड्डी असोसिएशनचें अध्यक्षपद भूषविलें आहे. ज्या भागाचा या खेळाशीं असा संबंध, तेथील प्रत्येक मोठ्या शाळेच्या सभागृहांत आठवड्यांतून दोन दिवस कां होईना, मॅट पसरलेली असावी, ही अपेक्षा अवास्तव ठरूं नये. साखर कारखाने, बाजार समित्या, माजी विद्यार्थी यांनीं मनावर घेतलें तर तालुक्याला एकदोन मॅटी भारी नाहींत. एकीच्या मालकीची मॅट चार शाळांनीं पाळीपाळीनें वापरली तरी चालेल.

इतिहास असें सांगतो, कीं या खेळाची प्रत्येक प्रगति कोणाला तरी आंत घेण्यांतून झाली. नियम एक झाले, म्हणून दूरचीं गांवें आंत आलीं. संजीवनी स्वीकारली, म्हणून बाद झालेला गडी पुन्हां आंत आला. स्त्रियांच्या स्पर्धा सुरू झाल्या, म्हणून निम्मा समाज आंत आला. छपराखालीं जाणें ही त्याच मालिकेंतील पुढची पायरी ठरावयाची असेल, तर त्या छपराचें दार निरा-भीमेच्या कांठच्या मुलामुलींनाही उघडें असलें पाहिजे. तें उघडणें आपल्या हातीं आहे; आणि येत्या हंगामाच्या निवड चाचण्यांपूर्वीं तें उघडलें, तर उत्तम.