नाव न विचारणारा श्रोता

परभणी जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात कापूस, सोयाबीन, दुष्काळ आणि कर्ज यांच्या नोंदी सापडतात. जीव नकोसा झालेल्या माणसाने ते कोणाजवळ बोलून दाखवले, याची नोंद सहसा नसते. हे मौन केवळ लोकलज्जेचे नव्हते. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतील ३०९व्या कलमाने आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्याला गुन्हेगार ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली हे कलम रद्द केले आणि १९९६ साली पुन्हा वैध ठरवले. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने, तो २०१८ साली अमलात आल्यावर, त्याची धार बोथट झाली. मन मोकळे करायचे तर ऐकणारा अनोळखीच हवा, हे यावरून उमगते. लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हारा या धर्मगुरूने फोनवरून असा श्रोता उपलब्ध करून दिला.

इंटरनेटने तो, निदान वरकरणी, प्रत्येकाच्या खिशात आणला. प्रौढ माणूस तिथे बहुधा दुभंगलेल्या मनाने जातो. एकाच बैठकीत तो शेवटही शोधतो आणि वाटही. शोधयंत्र मात्र पूर्वी विचारले तेवढेच देई. ल्यूसी बिडल आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या ब्रिटिश अभ्यासात साध्या शोधातही घातक पाने वारंवार पुढे आली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला यात जुनी ओळख पटावी. गटेच्या १७७४ सालच्या वेर्टरवरून समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली अनुकरणात्मक आत्महत्यांना नाव दिले. त्या मानाने पापागेनो आपल्याकडे उपेक्षितच. मोझार्टच्या संगीतिकेतला हा पक्षी पकडणारा मरायला निघतो, तेव्हा तीन मुले त्याला दुसरा मार्ग सुचवतात. संकटातून सावरलेल्यांच्या कथा वाचकाला तारू शकतात, या २०१०च्या व्हिएन्नातील निष्कर्षाला त्याचेच नाव मिळाले. मराठी समीक्षेने शेतकऱ्याच्या मरणाची कथा पुष्कळ वाचली. सावरण्याची कथा तिला बहुधा भाबडी वाटते. असो.

शासनाने २०१५ साली परभणीसह चौदा जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाची रीत शोधयंत्राच्या नेमकी उलट होती. तिथे आशाताई स्वतः दारात येऊन मनाची विचारपूस करी. पण दारात आलेली बाई गावातलीच, आणि रात्री दोन वाजता तीही नसते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते, आणि तिथे पलीकडचा माणूस उलट प्रश्न विचारतो.