गडावरचा खांब आणि आपल्या मुली

चैत्रात आपण पायी वणीला जातो, सप्तशृंगी आईपुढे डोकं टेकवतो. त्याच गडाशी जोडलेल्या एका खेळाची गोष्ट आज सांगतो. खेळ आहे मल्लखांब.

मल्ल म्हणजे पहिलवान. जोडीदार नसताना पहिलवानानं एकट्यानं पकडी आणि पेच घोटायचे, त्यासाठी हा लाकडी खांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या मागे पडली. ती पुन्हा उभी केली दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. निजामाच्या राज्यातून दोन पहिलवान पुण्यात आव्हान द्यायला आले, तेव्हा दादांनी मुदत मागितली आणि ते सप्तशृंगीगडावर आले, असं सांगतात. कोणी म्हणतं, मारुतीरायांनी दृष्टांत दिला. कोणी म्हणतं, झाडावरच्या माकडांच्या उड्या पाहून त्यांना खांबाचे डाव सुचले. १८१८ ला पेशवाई गेली. बाजीरावाबरोबर ही विद्याही उत्तरेत ब्रह्मावर्ताला पोचली.

मग कुस्तीची ही तयारी स्वतंत्र खेळ कशी झाली? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. १९६२ ला ग्वाल्हेरला राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९८१ मध्ये महासंघ उभा राहिला. नियम ठरले. समोरच्याला पाडायचं राहिलं नाही. डाव किती अवघड, किती सफाईनं केला, यावर पंच गुण देऊ लागले.

इथंच आपल्या लेकींना वाट मिळाली. तालमीत मुलींना कोण येऊ देत होतं? पण स्पर्धेत मुलींसाठी दोराचा मल्लखांब आला. २०१९ ला मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२१ चा अर्जुन पुरस्कार मुंबईच्या हिमानी परब हिला मिळाला, मल्लखांबाला मिळालेला तो पहिला अर्जुन पुरस्कार!

गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “पोरीच्या जातीला हे शोभतं का?” आम्ही म्हटलं, “ताई, ज्या गडावर ही विद्या सुचली असं म्हणतात, तिथं देवीच बसली आहे ना?” ताई हसल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी मुलीचं नाव दिलं.

तुमच्या शाळेत दोर आहे का, तेवढं या महिन्यात विचारून या.