वतनाच्या मोलाने राखलेले राज्य

श्रीपूर-अकलूज ही नावे आज उसाच्या निमित्ताने लोकांच्या तोंडी असतात. परंतु इ. स. १६८९ च्या आरंभी अकलुजास औरंगजेबाची छावणी होती, आणि संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता त्यास तेथेच पोहोचली. पुढे १६९५ ते १६९९ त्याचा तळ मंगळवेढ्यानजीक भीमाकाठी ब्रह्मपुरीस पडला होता. बादशहा स्वतः ठाण मांडून बसला असता मराठ्यांचे राज्य मुळी उरलेच कसे, हा प्रश्न आम्हांस लढायांच्या वर्णनांहून मोलाचा वाटतो.

रायगड गेला, खजिना रिता, राजाराम महाराज दूर जिंजीस. महाराष्ट्राचा कारभार त्यांनी 'हुकुमतपन्हा' हा किताब देऊन रामचंद्रपंत अमात्यांवर सोपविला होता. संताजी-धनाजींचे पराक्रम मुलांस तोंडपाठ असतात; त्यांच्या फौजांच्या पोटाची तजवीज लावणारा कारभारी कोणास आठवतो?

शिवाजी महाराजांचा कटाक्ष असा की, चाकरीचे मोल रोख वेतनाने द्यावे, जमिनीने देऊ नये. पण रोकड होती कोठे? बादशहा सनदा देऊन देशमुखांस फोडीत होता. तेव्हा पंतांसही तेच नाणे चालवावे लागले. माणसे परत आली, राज्य तगले. रयतेचे मात्र हाल झाले. एकाच गावावर दोन सरकारांचे वसुलदार, आणि नव्या सनदेचा धनी तिसरा!

अफगाणिस्तानात २००१ नंतर परकी पैशावर सैन्य व कचेऱ्या उभारल्या गेल्या. परकी फौजा निघू लागताच ऑगस्ट २०२१ मध्ये ते सरकार कोसळले. पंतांच्या माणसांचा जीव स्वतःच्या जमिनीत गुंतलेला होता, हा भेद लहान नव्हे.

गुंतलेला जीव सोडविणे मात्र कठीण. १७१५ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' रामचंद्रपंतांचे मानतात. त्यात चाकरांस वृत्ती देण्याचा निषेध आहे. वतनदार हे लहान राजेच, त्यांस फार चढवू नये, दुखवूही नये, असा उपदेश आहे. ज्याने सनदा दिल्या त्यानेच हे लिहावे, यास कोणी विसंगती म्हणतील. आमच्या मते हा अनुभवाचा हिशेब होय. बुडत्या राज्यास दुसरी दोरी नव्हती. पण संकट सरल्यावर ती सोडवून घेण्याचे सामर्थ्य पुढे कोणात राहिले नाही. १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, तेव्हा वसुलीचे प्रांत सरदारांतच वाटले गेले, आणि छत्रपतींचा खजिना त्यांच्या हिशेबावर अवलंबून राहिला.