आरा का तुटतो?

गेल्या पावसाळ्यात माझ्या विजेच्या सायकलच्या मागच्या चाकातला एक स्पोक तुटला. तो बदलला, तर पंधरा दिवसांत शेजारचा गेला. मग दुकानदाराने सगळेच काढून चांगले जाड स्पोक बसवले. महिन्याभरात त्यांतलेही दोन तुटले. प्रत्येक वेळी मोड एकाच जागी होता : मोटरच्या कड्यातील भोकातून बाहेर येताना तार जिथे वळते, त्या कोपरापाशी. जाड तार बारीक तारेइतकी तरी टिकायला हवी होती. ती का टिकली नाही, याचा शोध घेताना चाकाचा इतिहासच चाळावा लागला.

स्पोकला आपला जुना शब्द आहे आरा. तो संस्कृत ‘अर’वरून आला. ऋग्वेदातल्या अस्यवामीय सूक्तात बारा आऱ्यांचे चाक संवत्सराचे रूप घेऊन येते. आऱ्यांच्या चाकांचे सर्वांत जुने ठसे मात्र उरल पर्वताच्या दक्षिणेला, सिंताश्ता संस्कृतीच्या थडग्यांत सापडले. ते इसवी सनापूर्वी २००० च्या सुमाराचे आहेत. तेव्हापासून आपल्या बैलगाडीपर्यंत आऱ्याचे काम बदलले नाही. तुंब्यावर आलेला भार खालच्या आऱ्यांनी खांबासारखा तोलायचा. लोहार लोखंडी धाव तापवून चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आकसते, पाटे आऱ्यांवर आवळले जातात आणि चाक घट्ट होते. म्हणजे लाकडी आरा जन्मापासून दाबाखाली असतो.

बारीक तारेला हे काम जमणार नाही. दाब दिला की ती वाकते. पण ताण दिला, तर तीच तार मोठा भार पेलते. हा विचार इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये आपल्या टिपणवहीत मांडला. ते उडत्या यंत्राच्या प्रयत्नात होते आणि त्यासाठी त्यांना हलके चाक हवे होते. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी तारेच्या आऱ्यांच्या चाकाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी ‘एरियल’ ही उंच चाकाची सायकल पुढे आणली.

या सायकलचे पायडल पुढच्या चाकाच्या तुंब्यालाच जोडलेले असे. त्यामुळे नवी अडचण उभी राहिली. तुंब्यातून सरळ रिमकडे जाणारी तार भार झेलते; पण तुंबा जोराने फिरवला की तो आधी थोडा फिरतो, रिम मागे राहते आणि तारा पिळवटतात. स्टार्ली यांनी १८७४ मध्ये यावर कायमचा तोडगा काढला. आरे तुंब्याच्या स्पर्शरेषेत, एकमेकांना छेदत लावायचे. तुंबा फिरला की निम्मे आरे रिमला ओढतात. आजही साध्या सायकलचे मागचे चाक उचलून पाहिले, तर हीच वीण दिसते.

तुंब्यातच मोटर बसवण्याची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकात, मध्ये गिअर नाहीत, बॅटरी १० व्होल्टची आणि प्रवाह १०० अँपिअरपर्यंत! कल्पना बरोबर होती, पण तिला साजेशी बॅटरी आणि चुंबके यायला शतक जावे लागले. निओडिमियमची जोरकस चुंबके १९८० च्या दशकात आली आणि लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली.

मोटर आत आली तसा तुंबा फुगला. साध्या हबचा कडा चार-सहा सेंटीमीटर व्यासाचा असतो. मोटरचा कडा वीतभरही असू शकतो. आरे आखूड झाले. त्यांना जुन्या सवयीने तीन-तीन वेळा छेदत विणले, तर ते रिममध्ये इतके तिरपे शिरतात की निपलपाशी वाकतात. इथे एक छेद पुरतो. शिवाय मोटरचे वजन चाकातच असल्याने खड्ड्याचा दणका अधिक जोरात बसतो.

पण तार कोपरापाशीच का तुटते? याचे उत्तर रेल्वेच्या इतिहासात आहे. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे जर्मन अभियंता ऑगस्ट व्योलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की धातू एका मोठ्या भाराने मोडला नाही, तरी लहान भार पुन्हा पुन्हा आल्या-गेल्याने मोडतो. भार किती, यापेक्षा तो किती कमी-जास्त होतो, हे निर्णायक ठरते.

जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात सायकलच्या चाकाचा हिशेब मांडला. प्रत्येक फेऱ्यात आरा जमिनीपाशी आला की त्याचा ताण घटतो आणि वर गेला की पुन्हा येतो. २६ इंची चाक किलोमीटरला सुमारे ४८० फेरे घेते. २००० किलोमीटरला साडेनऊ लाखांवर. आरा पुरेसा ताणलेला असेल, तर तो हे सोसतो. सैल असेल, तर दर फेऱ्यात त्याचा ताण पार संपतो, कोपर भोकात हलते आणि तिथेच चीर पडते.

माझे कोडे इथे सुटले. २.६ मिलिमीटरच्या तारेचा छेद २ मिलिमीटरच्या तारेच्या सुमारे १.७ पट असतो. साधी रिम ठरावीक ताणच सोसते. तेवढ्या ताणाने बारीक तार जितकी लांबते, तितकी जाड तार लांबत नाही. रिम जराशी दबली की जाड तार आधी सैल होते. म्हणजे माझे आरे अशक्त नव्हते, ढिले होते.

शेवटी दुसऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्याने बॅटरी काढली, मोटरची वायर सोडवली, आस फिरू न देणारी पट्टी आणि वायसर निघाले त्या क्रमाने मांडून ठेवले. टायर, ट्यूब आणि रिमची पट्टी उतरवली. शाबूत आरा कोपराच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजला; दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या, कारण लांबी सारखी असेलच असे नाही. एकामागून एक आरे तुटताहेत, म्हणजे उरलेलेही थकले आहेत, असे म्हणून त्याने सगळेच बदलले. दोन मिलिमीटरचे आरे घेतले. मोटरची भोके त्यांना मोठी पडत होती, म्हणून डोक्याखाली पितळी वायसर घातले. एकेक छेद देत विणले. मग पाव-पाव फेरा निपल आवळत त्याने आउट काढला, समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत दाबल्या आणि पुन्हा आवळले. शेवटी तो एका बाजूचे आरे नखाने छेडत गेला. एक जरा खालच्या सुरात बोलला. त्याने चावी उचलली आणि तेवढाच पाव फेरा दिला.